वाचक विचारतात : खरखरीत स्कॅनमधला श्वसनवृक्ष

गेल्या अंकात छातीच्या सीटी स्कॅनमधून श्वसनमार्गांचे जाळे संगणकाने वेगळे काढण्याविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. कमी किरणमात्रेत घेतलेल्या, म्हणजेच नॉइज जास्त असलेल्या स्कॅनवर हे काम डीप लर्निंगलाही जड जाते, असे त्यात ओझरते म्हटले होते. त्या एका वाक्यावरच सर्वाधिक पत्रे आली. त्यांपैकी काही प्रश्न एकत्र करून येथे घेतले आहेत. नॉइज या शब्दासाठी मी अधूनमधून 'खरखर' म्हणणार आहे, कारण जुन्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसणारी खरखर ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

प्रश्न : श्वसनमार्गात हवा असते आणि सीटीमध्ये हवा काळी दिसते. मग एक थ्रेशोल्ड ठरवून त्याहून काळे असेल ते सगळे निवडले की काम झाले. एवढ्यासाठी न्यूरल नेटवर्क कशाला हवे? (संगणक अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी)

उत्तर : श्वासनलिकेपुरते तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. सीटीच्या हाउन्सफील्ड मोजपट्टीवर पाणी ० वर आणि हवा उणे १००० वर असते, आणि सुमारे १८ मिलिमीटर व्यासाची श्वासनलिका त्या मोजपट्टीवर इतकी ठळक उठून दिसते की तिथे थ्रेशोल्ड पुरतो. अडचण अशी की फुप्फुस स्वतःही बहुतांशी हवाच आहे. श्वसनीच्या, म्हणजे श्वासनलिकेच्या फांदीच्या, आत हवा, बाहेर हवेने भरलेला स्पंज आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ भिंत, असा हा मामला आहे. वायबेल यांनी १९६३ साली मांडलेल्या प्रारूपात श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत हा वृक्ष २३ वेळा दुभंगतो आणि सोळाव्या पिढीपर्यंत नळीचा व्यास जेमतेम ०.६ मिलिमीटर उरतो. नेहमीच्या सीटीचा एक व्हॉक्सेलही (त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) साधारण तेवढाच असतो. म्हणजे शेवटच्या फांद्या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. खरी झुंज आहे ती सुमारे दोन मिलिमीटरच्या आसपासच्या फांद्यांची, ज्या दिसतात पण जेमतेम.

अशी एक फांदी भिंगाखाली घेऊन पाहू. पोकळीचा व्यास २ मिलिमीटर, लांबी १० मिलिमीटर आणि व्हॉक्सेलची बाजू ०.७ मिलिमीटर धरा. भिंत व्हॉक्सेलपेक्षा पातळ असल्यामुळे भिंतीच्या व्हॉक्सेलमध्ये थोडी भिंत, थोडी आतली हवा आणि थोडा बाहेरचा स्पंज यांची सरमिसळ होते. तेव्हा समजा पोकळी उणे ९२०, भिंत उणे ८०० आणि पलीकडचे फुप्फुस उणे ८७० अशी मूल्ये मिळाली. पोकळी आणि भिंत यांच्या बरोबर मध्ये, उणे ८६० वर, थ्रेशोल्ड ठेवला. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये : पलीकडचे फुप्फुसही या थ्रेशोल्डहून काळेच आहे. त्यामुळे आतली हवा आणि बाहेरचा स्पंज यांना वेगळे ठेवणारी एकमेव गोष्ट म्हणजे ती एका व्हॉक्सेलची भिंत.

जुनी पद्धत अशी की श्वासनलिकेत एक बी टाकायचे आणि शेजारचा जो जो व्हॉक्सेल थ्रेशोल्डहून काळा असेल तो जोडत जायचे. हिला रीजन ग्रोइंग म्हणतात. आपल्या फांदीभोवती भिंतीचे सुमारे दीडशे व्हॉक्सेल आहेत. खरखरीने एखाद्या भिंतीच्या व्हॉक्सेलला थ्रेशोल्डहून काळे केले की भिंतीला भोक पडले. खरखरीचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती हेलकावतात त्याचे माप) २० एकके असेल, तर भिंत आणि थ्रेशोल्ड यांतील ६० एककांचे अंतर तीन प्रमाण विचलनांइतके होते आणि दीडशे व्हॉक्सेलांमागे सरासरी ०.२ भोके पडतात, म्हणजे अशा पाच फांद्यांमागे एक. आता किरणमात्रा एक-नवमांश करा. खरखर मात्रेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणून ती तिप्पट, ६० एकके होते. आता भिंतीच्या प्रत्येक व्हॉक्सेलने थ्रेशोल्ड ओलांडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के, आणि त्याच एका फांदीत सरासरी २४ भोके! पूर बाहेर पडायला त्यांतले एकच पुरेसे आहे. तो एकदा बाहेर पडला की फुप्फुसाचा अख्खा खंड 'श्वसनमार्ग' म्हणून रंगवला जातो. या क्षेत्रातले लोक याला गळती म्हणतात. ज्याने एकदा पडद्यावर पूर्ण डावे फुप्फुस फुग्यासारखे भरताना पाहिले आहे, त्याला दुसरा शब्द सुचणार नाही.

न्यूरल नेटवर्कचा फायदा असा की ते एकेका व्हॉक्सेलचा स्वतंत्र निवाडा करत नाही. फ्रायबुर्ग येथे २०१५ मध्ये मांडले गेलेले यू-नेट आणि २०१६ मधील त्याचे त्रिमितीय रूप हेच आजही या कामाचा पाया आहेत. असे नेटवर्क आधी प्रतिमा टप्प्याटप्प्याने लहान करत दूरवरचा संदर्भ गोळा करते आणि मग पुन्हा मोठी करत बारकावे भरते. त्यामुळे भिंतीचे तीन व्हॉक्सेल खरखरीत हरवले तरी 'वरच्या बाजूने नळी येते आहे, खालच्या बाजूने पुढे जाते आहे, शेजारून तिची नेहमीची सोबतीण असलेली रोहिणी जाते आहे, तेव्हा मधेही नळीच असणार' हे ते सरावाने शिकते. रेडिओलॉजिस्टची नजरही असेच काहीसे करत असते.

प्रश्न : मग आधी खरखर काढून प्रतिमा स्वच्छ करावी आणि नंतर सेगमेंटेशन (श्वसनमार्ग वेगळे काढण्याचे काम) करावे, हा सरळ मार्ग का नाही? (दोन वाचकांचा सारखाच प्रश्न)

उत्तर : हा मार्ग सरळ दिसतो, पण वरच्याच आकड्यांवर तो चालवून पाहा. भिंतीला आडव्या दिशेने लागून असलेले तीन व्हॉक्सेल म्हणजे उणे ९२०, उणे ८०० आणि उणे ८७०. खरखर दाबण्यासाठी शेजाऱ्यांची सरासरी घेतली, तर भिंतीच्या जागी सुमारे उणे ८६३ येते. थ्रेशोल्ड होता उणे ८६०. म्हणजे खरखरीने भिंतीला भोके पाडली असती, सरासरीने भिंतच नेली. एका व्हॉक्सेलच्या जाडीची रचना आणि एका व्हॉक्सेलची खरखर यांत साधा फिल्टर फरक करू शकत नाही, आणि श्वसनवृक्षाचा जो भाग आपल्याला हवा आहे तो नेमका याच मापाचा आहे.

प्रगत फिल्टर अर्थातच कडा सांभाळतात, आणि खरखर काढायला शिकवलेली नेटवर्कही आहेत. मात्र त्यांपैकी ज्यांना चुकांच्या वर्गांची सरासरी (मीन स्क्वेअर्ड एरर) कमीत कमी ठेवायला शिकवले आहे, ती अनिश्चित जागी सर्व शक्यतांची सरासरी काढून देतात, म्हणजे पुन्हा गुळगुळीतपणाच. ज्यांना 'खरी वाटेल अशी' प्रतिमा काढायला शिकवले आहे, ती नसलेली भिंतही सुबक काढून देऊ शकतात. दिसायला ते चित्र उत्तम असते. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारची चूक अधिक घातक आहे, कारण गुळगुळीत प्रतिमा पाहणारा निदान सावध असतो.

म्हणून माझा कल असा : सेगमेंटेशन करणाऱ्या नेटवर्कला खरखरीसकटच शिकू द्यावे. ट्रेनिंगच्या वेळी एकच स्कॅन कधी स्वच्छ, कधी थोडा, कधी खूप खरखरीत करून दाखवावा आणि उत्तर मात्र प्रत्येक वेळी तेच ठेवावे. खरखर काढलेली प्रतिमा वापरायचीच असेल, तर ती मूळ प्रतिमेच्या जागी न देता मूळ प्रतिमेसोबत दुसरा चॅनेल, म्हणजे जोडीची दुसरी प्रतिमा, म्हणून द्यावी. कशावर किती भरवसा ठेवायचा ते नेटवर्कला ठरवू द्यावे.

इथे माझी एक फजिती सांगतो. मी सुरुवातीला प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये स्वतंत्र यादृच्छिक आकडा मिसळून खरखर 'तयार' केली होती. माझ्या चाचणीत नेटवर्क उत्तम चालले आणि खऱ्या कमी मात्रेच्या स्कॅनवर साफ पडले. कारण साधे होते. सीटीची खरखर उगम पावते ती प्रक्षेपणांच्या, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून शरीरापार गेलेल्या किरणांच्या, मोजमापात, आणि त्यानंतर प्रतिमा पुनर्रचित होताना ती शेजारच्या व्हॉक्सेलांत परस्परसंबंधित होऊन पसरते. त्यामुळे ती सुट्या ठिपक्यांसारखी न राहता दाण्यांसारखी, तंतूंसारखी दिसते आणि तिचे दाणे कधी कधी हुबेहूब बारीक फांदीच्या आडव्या छेदाइतके असतात. शिवाय ती सर्वत्र सारखी नसते. खांद्यांच्या पातळीवर किरणांना जास्त हाडांतून जावे लागते, म्हणून फुप्फुसाच्या शेंड्याकडे आडवे पट्टे उमटतात. तेव्हा शक्य असेल तर खरखर प्रक्षेपणांच्या पातळीवर मिसळून मग पुनर्रचना करावी. मूळ प्रक्षेपणे हाताशी नसतील, आणि बहुधा ती नसतातच, तर निदान खऱ्या स्कॅनमधल्या खरखरीचा दाणा मोजून त्याच दाण्याची खरखर मिसळावी.

प्रश्न : माझ्या प्रकल्पातील नेटवर्कचा डाइस गुणांक ०.९ च्या पुष्कळ वर आहे, तरी मार्गदर्शक म्हणतात की हा वृक्ष वापरण्याजोगा नाही. मी नेमके काय चुकवले? (पदव्युत्तर विद्यार्थी)

उत्तर : तुमचे मार्गदर्शक बरोबर आहेत, आणि हे तुम्ही पाच मिनिटांत कागदावर पडताळू शकता. डाइस म्हणजे नेटवर्कचे उत्तर आणि संदर्भ यांच्यातील सामाईक व्हॉक्सेलांची दुप्पट भागिले दोघांच्या व्हॉक्सेलांची बेरीज. १८ मिलिमीटर व्यासाची आणि १०० मिलिमीटर लांबीची श्वासनलिका घेतली तर तिचे घनफळ सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे ०.७ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलांत जवळजवळ ७४,००० व्हॉक्सेल. आपली मघाची २ मिलिमीटर व्यासाची, १० मिलिमीटर लांबीची फांदी म्हणजे अवघे ९२ व्हॉक्सेल. एका श्वासनलिकेच्या वजनात अशा आठशे फांद्या बसतात! आता समजा संदर्भ वृक्षात एकूण दोन लाख व्हॉक्सेल आहेत आणि तुमच्या नेटवर्कने अशा चाळीस फांद्या पूर्णपणे गाळल्या, बाकी सर्व अचूक काढले. डाइस येईल ०.९९. चाळीस फांद्या गेल्या आणि गुणपत्रिकेवर एक गुण कमी झाला.

याच कारणामुळे या क्षेत्रात वृक्षाची लांबी आणि फांद्यांची संख्या मोजतात. संदर्भ वृक्षाच्या मध्यरेषेचा किती टक्के भाग सापडला, किती टक्के फांद्या सापडल्या आणि बाहेर किती गळती झाली, हे तीन आकडे एकत्र वाचायचे असतात. एकटी लांबी वाढवायची तर गळती होऊ दिली की झाले. २००९ सालच्या 'एक्झॅक्ट ०९' स्पर्धेत २० स्कॅन सरावासाठी आणि २० चाचणीसाठी दिले होते. तेथे तुलना झालेल्या १५ पद्धतींपैकी एकीलाही संदर्भ वृक्षाच्या एकूण लांबीपैकी सरासरी ७४ टक्क्यांपुढे जाता आले नाही. त्या सगळ्या डीप लर्निंगच्या लाटेआधीच्या पद्धती होत्या. २०२२ च्या 'एटीएम २२' स्पर्धेत ५०० स्कॅन होते, त्यांपैकी ३०० सरावाचे, ५० पडताळणीचे आणि १५० चाचणीचे. तिथेही डाइसच्या जोडीला लांबी आणि फांद्या हेच निकष होते.

निकष बदलला की शिकवण्याची पद्धतही बदलावी लागते, आणि तुमची खरी चूक बहुधा तिथे आहे. तुम्ही लॉस फंक्शन (शिकताना नेटवर्कची चूक मोजणारे सूत्र) म्हणून साधा डाइस वापरला असेल, तर नेटवर्कला श्वासनलिकेच्या कडेचा एक थर सुधारण्यात जेवढा लाभ आहे तेवढा कित्येक फांद्या शोधण्यात नाही. ते बिचारे तुम्ही मागितले तेच देते आहे. उपाय अनेक आहेत. प्रत्येक व्हॉक्सेलला त्याच्या फांदीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यावे. गाळलेल्या व्हॉक्सेलला चुकून घेतलेल्या व्हॉक्सेलपेक्षा जास्त दंड लावावा. किंवा २०२१ मध्ये मांडलेला सीएल-डाइस वापरावा, ज्यात घनफळाऐवजी मध्यरेषेच्या आच्छादनाला महत्त्व आहे आणि म्हणून फांदीचा एक दुवा तुटला तरी तो जाणवतो. मात्र खरखरीत स्कॅनवर सीएल-डाइस सुरुवातीपासून पूर्ण जोराने लावू नका. ट्रेनिंगच्या आरंभी नेटवर्कचे उत्तर खडबडीत असते आणि त्याच्या मध्यरेषेला काटेरी झुडपासारखे फाटे फुटतात. आधी डाइसवर वृक्षाचा आकार बसू द्यावा, मग हळूहळू मध्यरेषेचे वजन वाढवावे.

आणखी एक गोष्ट तपासा, ती मी लॉसच्याही आधी तपासली असती. बहुतेक जण शेवटी सर्वांत मोठा सलग तुकडा ठेवून बाकीचे सुटे तुकडे पुसतात. स्वच्छ स्कॅनवर ही पायरी निरुपद्रवी असते. खरखरीत स्कॅनवर फांदीच्या मुळाशी दोन व्हॉक्सेल हुकले की त्यापुढची सगळी उपशाखा, नेटवर्कने ती नीट ओळखलेली असूनही, या पायरीत पुसली जाते. त्यातही तुमच्या प्रोग्राममध्ये शेजार सहा व्हॉक्सेलांचा धरला आहे की सव्वीसांचा, हे पाहा. तिरक्या जाणाऱ्या बारीक फांद्या फक्त कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेल्या असतात आणि सहाच्या शेजारात त्या सुट्या ठरतात. पुसण्यापूर्वीचे उत्तर एकदा पडद्यावर उघडून पाहिलेत, तर कदाचित हरवलेल्या फांद्या तिथेच तरंगताना दिसतील. तसे असेल तर नेटवर्कला दोष न देता तुटलेल्या टोकांमधली फट दिशा आणि जाडी पाहून सांधावी.

प्रश्न : त्रिमितीय स्कॅन संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात मावत नाही. स्कॅन लहान करून चालेल का?

उत्तर : चालणार नाही. बाजू निम्मी केली की दोन मिलिमीटरच्या फांदीचा दीड व्हॉक्सेल उरतो. ५१२ गुणिले ५१२ गुणिले ४०० चा स्कॅन म्हणजे साडेदहा कोटी व्हॉक्सेल होतात, ते एकदम बसणार नाहीतच, तेव्हा १२८ बाजूचे ठोकळे कापून शिकवा. ठोकळे निवडताना निम्म्याहून अधिक ठोकळे बारीक फांद्यांवर केंद्रित ठेवा आणि चालवताना ठोकळे एकमेकांवर चढवून घ्या, कारण ठोकळ्याच्या कडेला नेटवर्कचा संदर्भ तुटतो.

प्रश्न : नेटवर्क शेवटी माणसांनी रंगवलेल्या लेबलांवरून शिकते. पण खरखरीत स्कॅनमध्ये माणसालाही बारीक फांद्या दिसत नाहीत. मग ते शिकते तरी काय? (सीटी विभागातील तंत्रज्ञ)

उत्तर : या सदराकडे आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. खरखरीत स्कॅनवर थेट लेबल करायला बसवले, तर माणूस जिथे दिसेनासे होते तिथे हात उचलतो आणि नेटवर्क इमानेइतबारे 'इथे थांबायचे असते' हेच शिकते. म्हणून लेबल चांगल्या मात्रेच्या, पातळ छेदांच्या स्कॅनवर करावे आणि खरखर नंतर मिसळावी. लेबल करणाऱ्याला स्वच्छ स्कॅन मिळतो आणि नेटवर्कला खरखरीत. एक संपूर्ण वृक्ष हाताने रंगवायला कित्येक तास लागतात, त्यामुळे व्यवहारात आधी एखाद्या नेटवर्कने कच्चा वृक्ष काढायचा, मग तज्ज्ञाने तो दुरुस्त करायचा, अशी रीत आहे. तिच्यात एक धोका आहे. समोर काढून ठेवलेली फांदी तज्ज्ञ सहसा मान्य करतो आणि न काढलेली शोधायला जात नाही, म्हणून पहिल्या नेटवर्कच्या उणिवा पुढच्या नेटवर्ककडे वारशाने जातात.

याची उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. लेबलात नसलेली पण खरोखर असलेली फांदी नेटवर्कने काढली, तर हिशेबात ती गळती ठरते. म्हणून चुकांची नुसती टक्केवारी पाहून मी कधीच निर्णय घेत नाही. लेबलाबाहेरच्या तुकड्यांपैकी वीस-पंचवीस तुकडे मूळ स्कॅनवर एकेक करून पाहतो. नळीसारखा, मूळ फांदीला जोडलेला आणि शेजारी रोहिणी असलेला तुकडा बहुधा खरा असतो. गोळ्यासारखा, कुठेही न जोडलेला तुकडा बहुधा खरखरीचा दाणा असतो.

प्रश्न : ब्राँकोस्कोपीत (श्वसनमार्गात दुर्बीण घालून करायच्या तपासणीत) गाठीपर्यंतचा मार्ग ठरवण्यासाठी असा वृक्ष वापरताना डॉक्टरांनी कशाकडे लक्ष द्यावे? (श्वसनविकार विभागातील एक निवासी डॉक्टर)

उत्तर : मार्गावरील प्रत्येक दुभाजन मूळ स्कॅनवर पडताळावे, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी फक्त हा वृक्ष कुठे फसतो एवढे सांगू शकतो. फायब्रोसिसमध्ये (फुप्फुसात व्रणासारखी घट्ट ऊती तयार होण्याच्या विकारात) फुप्फुसाच्या कडेला मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या होतात. त्यांनाही भिंत असते, आत हवा असते, आणि शेजारी ओढून रुंदावलेल्या खऱ्या श्वसनीही असतात. तिथे नेटवर्क दोहोंची गल्लत करते. श्लेष्म्याने बुजलेली श्वसनी काळी दिसत नाही, म्हणून वृक्ष तिथे संपतो, पण मार्ग तिथे संपलेला नसतो. श्वास सोडलेल्या स्थितीतल्या स्कॅनमध्ये नळ्या अरुंद होतात, तेव्हा श्वास भरून घेतलेल्या स्कॅनवर शिकलेले नेटवर्क त्यावर लवकर थांबते. ट्रेनिंगमध्ये यांपैकी कोणते स्कॅन होते हे प्रणाली देणाऱ्याला विचारावे. आणि मार्गाचा शेवटचा टप्पा नेटवर्कने किती खात्रीने काढला आहे, हे रंगाने दाखवण्याची सोय प्रणालीत असेल तर ती चालू ठेवावी. अनेक ठिकाणी ती चित्र सुबक दिसावे म्हणून बंद केलेली आढळते.